हे किती वर्षं चालेल?

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी २००९ मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दाखल नोंदवही, वर्गणीदारांची यादी आणि देवघेव, एवढंच त्याचं काम. पायथॉन भाषेत लिहिलेला, खिडक्या आणि बटणं जीटीके २ या टूलकिटची, नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका फाइलीत. ग्रंथपाल बाई चार दिवसांत त्याला सरावल्या. दाखल क्रमांक टाकायचा, एंटर दाबायचं, पुस्तक कुणाकडे आहे ते समोर. बारा वर्षं तो प्रोग्रॅम तसाच चालला. मधल्या काळात मी कितीदा तरी वाचनालयात डोकावलो, पण त्याला हात लावायची वेळ आली नाही.

२०२१ च्या दिवाळीआधी जुनं मशीन बंद पडलं. नवं आलं, त्यावर कुणीतरी लिनक्सची ताजी आवृत्ती घालून दिली, आणि बाईंचा फोन आला. "दादा, प्रोग्रॅम उघडतच नाही हो. काळी खिडकी येते आणि लगेच जाते."

मी जाऊन पाहिलं. पायथॉन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला होता. पायथॉन आणि जीटीके २ यांना जोडणारा पायजीटीके हा दुवा नव्या लिनक्समधून काढून टाकला होता. त्याची शेवटची आवृत्ती २०११ ची, आणि नवं काम पायजीऑब्जेक्ट या नव्या दुव्यावर करा असं त्याच्या कर्त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलेलं. म्हणजे मला दहा वर्षांची मुदत मिळाली होती आणि मी ती पाहिलीच नव्हती. दिवाळीच्या सुट्टीतल्या चार संध्याकाळी बसून मी प्रोग्रॅम जीटीके ३ वर आणला. आडवा खोका आणि उभा खोका असे दोन वेगळे विजेट, म्हणजे खिडकीचे घटक, होते, त्यांच्या जागी एकच खोका आणि त्याला दिशा. तक्ता गेला, जाळी आली. वर्गणीदाराचा प्रकार निवडायची यादी वेगळ्या नावाने बनवावी लागली. अवघड काहीच नव्हतं, पण जवळजवळ प्रत्येक ओळीला हात लागला.

नोंदींच्या फाइलीला मात्र हात लागला नाही. २००९ मध्ये तयार झालेली ती फाइल २०२१ च्या एसक्यूलाइटने पहिल्या फटक्यात उघडली. बारा वर्षांची देवघेव जशीच्या तशी समोर. एसक्यूलाइटच्या फाइलीची रचना २००४ पासून मागची फाइल पुढच्या आवृत्तीत उघडेल अशी जपलेली आहे, आणि २०५० पर्यंत आपण पाठिंबा देऊ असं त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेलं आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन वचनं शेजारी शेजारी नांदत होती. एकाची मुदत संपली होती, दुसऱ्याची अजून जवळजवळ तीस वर्षं बाकी होती. प्रोग्रॅम लिहिताना मी दोन्हींतला फरक पाहिला नव्हता.

बाई शेजारी बसून सगळं बघत होत्या. प्रोग्रॅम सुरू झाला, त्यांनी एक दाखल क्रमांक टाकून पाहिला, आणि विचारलं, "आता हा किती वर्षं चालेल?"

या पुस्तकाचा विषय हाच प्रश्न आहे. प्रोग्रॅम कसा लिहावा हे सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत, अगदी मराठीतही आता बरीच आहेत. पण दुसऱ्यांचे हजारो प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने उभे राहतात असं टूलकिट वर्षानुवर्षं कसं चालवावं, त्याची नवी आवृत्ती केव्हा काढावी, जुनी केव्हा थांबवावी आणि हे लोकांना कोणत्या शब्दांत सांगावं, याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. पुण्यात, नाशकात, नागपुरात हजारो माणसं रोज हेच काम करतात. कुणी कंपनीच्या आतल्या लायब्ररीचं रिलीज सांभाळतं, कुणी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मेंटेनर आहे. या सगळ्यांना वेळापत्रक सांभाळावं लागतं, पण त्यामागचा विचार त्यांना कुणी शिकवलेला नसतो.

मी उदाहरण म्हणून जीटीके घेतलं आहे, कारण त्याची वाटचाल उघड्यावर झाली. चुका आणि दुरुस्त्या सगळ्यांसमोर आहेत, आणि पंचवीसहून अधिक वर्षांचा काळ हाताशी आहे.

त्याचा जन्म गरजेतून झाला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस, यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला गिंप नावाचा चित्रं हाताळायचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. सुरुवातीला त्याच्या खिडक्या मोटिफ या टूलकिटवर होत्या. मोटिफ विकत घ्यावं लागे. म्हणून त्यांनी स्वतःचं टूलकिट लिहिलं आणि त्याला नाव दिलं गिंप टूलकिट, म्हणजे जीटीके. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ग्नोम हा डेस्कटॉप सुरू झाला तेव्हा त्याने हेच टूलकिट घेतलं. एप्रिल १९९८ मध्ये १.०, मार्च २००२ मध्ये २.०, फेब्रुवारी २०११ मध्ये ३.० आणि डिसेंबर २०२० मध्ये ४.०. पहिल्या दोन मोठ्या आवृत्त्यांत चार वर्षांचं अंतर, नंतरच्या दोन टप्प्यांत प्रत्येकी नऊ-दहा वर्षांचं.

२.० ही आवृत्ती आपल्यासाठी खास मोलाची. तिच्यासोबत पँगो आलं, अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी. त्याआधीच्या जीटीकेमध्ये देवनागरी नीट उमटतच नव्हती. पँगोमुळे जोडाक्षरं जुळू लागली, वेलांटी योग्य बाजूला बसू लागली, 'दुसऱ्या' या शब्दातला मराठीचा खास आडवा रफारही दाखवता येऊ लागला. रेड हॅटचे लोहित फाँट आले आणि मराठीतला लिनक्स डेस्कटॉप वापरण्याजोगा झाला. बाईंच्या पडद्यावरची पुस्तकांची नावं ज्या यंत्रणेने उमटत होती ती हीच. त्यामुळे जीटीके २ बद्दल माझ्या मनात तक्रार नाही, कृतज्ञता आहे. २००२ पासून २०२० च्या डिसेंबरपर्यंत, २.२४.३३ या शेवटच्या आवृत्तीपर्यंत, जवळजवळ एकोणीस वर्षं तिने शब्द पाळला. २.० साठी बांधलेला प्रोग्रॅम २.२४ वर चालत होता.

हा शब्द नेमका कशाचा असतो, ते जरा जवळून पाहू. मी वर सांगितलेले बदल, म्हणजे खोक्याचं नाव बदलणं, यादी वेगळ्या पद्धतीने बनवणं, हे एपीआयचे बदल. प्रोग्रॅमर ज्या नावांनी टूलकिटला हाक मारतो ती नावं बदलली. हे निदान डोळ्यांना दिसतं. त्याच्या खाली दुसरा थर असतो, एबीआय. तो दिसत नाही आणि जास्त दुखवतो. सी भाषेत बांधलेला प्रोग्रॅम टूलकिटच्या रचनेची मापं स्वतःत कोरून ठेवतो. बटणाच्या नोंदीत लेबल सुरुवातीपासून इतक्या बाइटवर आहे, हे बांधणीच्या वेळीच पक्कं होतं. उद्या टूलकिटवाल्याने त्या नोंदीत मधे एक नवी जागा घातली, तर नावं तीच राहतात, पण जुना प्रोग्रॅम जुन्याच मापाने हात घालतो आणि त्याच्या हाती भलतंच लागतं. सुताराने चौकट अर्धा इंच सरकवली आणि दार मात्र जुन्या मापाचं राहिलं, तसं.

जीटीके २ च्या काळात बऱ्याच नोंदी उघड्या होत्या. कुणीही प्रोग्रॅमर थेट आत हात घालून लेबल वाचू शकत होता, बदलूही शकत होता. अशा वेळी मेंटेनरचे हात बांधले जातात, कारण आतली कुठलीच वस्तू हलवायची सोय राहत नाही. म्हणून त्यांनी विजेटांच्या वर्गांमध्ये आधीच काही जागा रिकाम्या राखून ठेवल्या होत्या. पुढे एखादं नवं फंक्शन घालायचं झालं तर त्या रिकाम्या जागांतली एक वापरायची, म्हणजे एकूण माप बदलत नाही. अशा राखीव जागा किती आहेत हे कोड उघडल्यावर मोजता येतं, आणि त्या मोजताना लक्षात येतं की वीस वर्षं टिकणाऱ्या गोष्टीत पहिल्या दिवशीच विसाव्या वर्षाचा विचार करावा लागतो.

२००८ च्या २.१४ या आवृत्तीत त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. उघड्या नोंदींना मोहोर लावायची सोय केली. ज्याला तयारी करायची असेल त्याने ती मोहोर चालू करून आपला प्रोग्रॅम बांधावा, जिथे जिथे तो थेट आत हात घालतो तिथे तिथे चूक दिसेल, आणि त्या जागी नवी फंक्शनं वापरावीत. जीटीके ३ मध्ये त्या नोंदी कायमच्या बंद होणार होत्या. म्हणजे ३ कडे जायची वाट २ मध्येच तयार करून दिलेली होती. २.२४ वर राहून, जुनं काही न मोडता, एकेक खोली आवरून घ्यायची आणि मग एक दिवस घर बदलायचं. माझ्या मते टूलकिटच्या इतिहासातली ही सर्वांत समजूतदार कल्पना आहे, आणि या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण मी तिच्यावर खर्च केलं आहे. जुन्या मालिकेतली शेवटची आवृत्ती हाच नव्या मालिकेकडे जायचा पूल असला पाहिजे. हा पूल न बांधता नवी आवृत्ती काढणारे लोक वापरणाऱ्यांना नदीत उडी मारायला सांगतात.

त्याला जोडून दुसरी गोष्ट होती. जीटीके २, ३ आणि ४ एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकतात. त्यांच्या फाइलींची नावंच वेगळी ठेवली आहेत. त्यामुळे एका प्रोग्रॅमने पुढे जायचं ठरवलं म्हणून दुसऱ्याचं काही बिघडत नाही. एक मर्यादा राहिली: एकाच चालू प्रक्रियेत दोन आवृत्त्या एकत्र चालत नाहीत. फायरफॉक्स एप्रिल २०१६ मध्ये लिनक्सवर जीटीके ३ वर गेला तेव्हा जीटीके २ वर अवलंबून असलेलं फ्लॅशचं प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत ठेवूनच चालवावं लागलं. प्लगइनवर जगणाऱ्या प्रोग्रॅमांना ही मर्यादा फार बोचते.

आता वेळापत्रकाकडे वळतो. ग्नोमने आपल्या २००२ च्या २.० नंतर ठरवलं की दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची, वसंतात एक आणि शरदात एक. काय तयार आहे ते पाहून तारीख ठरवायची नाही. तारीख आधी ठरलेली, त्या दिवशी जे तयार असेल ते जाईल, बाकीचं पुढच्या खेपेला. मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगायला दिवाळी अंकापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून प्रत्येक संपादकाला ठाऊक आहे की दिवाळी कुणासाठी थांबत नाही. कितीही मोठ्या लेखकाची कथा असो, ती वेळेत आली नाही तर अंक तिच्याशिवाय निघतो. त्यामुळे लेखक, मुद्रक, जाहिरातदार, विक्रेते, सगळ्यांना आपापलं काम आखता येतं. सॉफ्टवेअरमध्येही तेच घडलं. ग्नोमची तारीख पक्की झाल्यावर उबुंटू या लिनक्सला आपली एप्रिल-ऑक्टोबरची तारीख त्यामागे लावता आली. २००४ च्या ऑक्टोबरपासून ती साखळी चालू आहे.

या साखळीत भाषांतरकारही असतो. मी काही वर्षं ग्नोमच्या मराठी अनुवादात हातभार लावला आहे, म्हणून हे आतून सांगू शकतो. रिलीजच्या आधी काही आठवडे मजकूर गोठवतात. त्यानंतर पडद्यावरचा एकही शब्द विचारल्याशिवाय बदलायचा नाही. तेवढ्या दिवसांत आम्ही अनुवाद पुरा करायचा. ८० टक्क्यांच्या वर अनुवाद झाला तर ती भाषा पाठिंबा असलेल्या भाषांत धरतात, खाली गेला तर नाही. अशा वेळी इंग्रजी मजकुरातल्या तीन वेगळ्या टिंबांच्या जागी कुणी एकच त्रिबिंदूचं चिन्ह घातलं, तर अर्थ तोच राहतो, पण अनुवादाची ती ओळ 'संदिग्ध' ठरते आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी दिसू लागतं. शेकडो ओळींत असं झालं की मराठीची टक्केवारी एका रात्रीत घसरते. बदल करणाऱ्याला ते पाच मिनिटांचं काम वाटतं. इकडे तीन-चार माणसांच्या स्वयंसेवी गटाचे रविवार त्यात जातात. मजकूर गोठवायची तारीख पाळली गेली की हे टळतं. ज्या भाषांच्या मागे पगारी माणसं नाहीत त्यांना वेळापत्रकाचा आधार सर्वांत जास्त लागतो.

टूलकिट मात्र डेस्कटॉपपेक्षा वेगळं असतं. डेस्कटॉप दर सहा महिन्यांनी बदलला तर वापरणारा माणूस चार दिवस कुरकुरतो आणि सरावतो. टूलकिटचा वापरणारा हा प्रोग्रॅमर असतो, आणि त्याच्या प्रोग्रॅमचे वापरणारे वेगळेच. बदल करणारा आणि त्याची किंमत मोजणारा हे एकमेकांना ओळखतही नाहीत. वाचनालयातल्या बाईंना जीटीके हे नाव आजही ठाऊक नाही.

जीटीके ३ च्या काळात हे अंतर उघडं पडलं. कागदोपत्री पाहिलं तर ३.० ते ३.२२ पर्यंत एपीआय आणि एबीआय दोन्ही जपले गेले. ३.० साठी बांधलेला प्रोग्रॅम ३.२२ वर सुरू होत होता. पण जीटीके ३ मध्ये दिसण्याची सगळी व्यवस्था सीएसएसवर, म्हणजे वेबपानांची सजावट सांगणाऱ्या भाषेवर, गेली होती, आणि ती दर आवृत्तीला हलत राहिली. मार्च २०१६ च्या ३.२० मध्ये विजेटांना सीएसएसमधून हाक मारायची पद्धतच बदलली, आणि लोकांनी हौसेने केलेल्या थीम मोडल्या. ज्या प्रोग्रॅमांनी स्वतःची थोडी सीएसएस लिहिली होती त्यांच्या खिडक्या विचित्र दिसू लागल्या. मेंटेनर म्हणाले की थीम हा आमच्या वचनाचा भाग कधीच नव्हता. ते खरंही होतं. पण ते वचन कुठे संपतं हे लोकांना आधी कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं. ज्याची खिडकी बिघडली त्याच्या दृष्टीने टूलकिट मोडलं होतं. या प्रसंगात माझा कौल वापरणाऱ्यांच्या बाजूने आहे. लोक ज्या गोष्टीवर विसंबतात ती तुमच्या वचनात बसत नसेल, तर तसं पहिल्या पानावर लिहा. लोक विसंबून राहिल्यानंतर केलेला खुलासा उशिराचा असतो.

त्याच वर्षी, जून २०१६ मध्ये, जीटीकेची मंडळी कॅनडात टोरोंटोला एकत्र बसली आणि त्यांनी एक नवी योजना मांडली. हा या पुस्तकाचा मध्यबिंदू आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. त्यांची अडचण खरी होती. नवं काही करायचं तर जुनं मोडावं लागतं. मोडायचं नाही म्हटलं तर काम थांबतं. आणि ३.० सारखी नऊ वर्षं वाट पाहायची म्हटलं तर बदलांचा डोंगर साचतो. म्हणून त्यांनी ठरवलं की दर दोन वर्षांनी नवी मोठी आवृत्ती काढायची. आधी ४.०, मग सहा-सहा महिन्यांनी ४.२ आणि ४.४. या तिन्हींमध्ये मोडतोड चालू राहील. मग ४.६ आली की ती स्थिर, आणि तिलाच खरी जीटीके ४ म्हणायचं. तिच्यानंतर लगेच ५.० चं काम सुरू.

हेतू प्रामाणिक होता. घडवणाऱ्यांना मोकळीक आणि बाकीच्यांना कायमची स्थिर जमीन, दोन्ही एकाच वेळी देऊ पाहणारी ती योजना होती. पण ती आकड्यांवर अडखळली. ज्या आवृत्तीच्या पाटीवर ४.० लिहिलं आहे ती जीटीके ४ नाही, हे कुणाला कसं पटवायचं? जगभरात प्रोग्रॅमरांच्या डोळ्यांना एक सवय आहे: शून्य लागलं की वस्तू तयार झाली. लिनक्सची पॅकेजेस बांधणाऱ्यांना, पुस्तक लिहिणाऱ्यांना, नवशिक्या विद्यार्थ्याला, प्रत्येकाला हा अपवाद वेगळा समजावावा लागला असता. शिवाय दर दोन वर्षांनी घर बदलायचं कुणाला परवडणार? टीका बरीच झाली, आणि त्या मंडळींनी ती ऐकली. याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं.

सप्टेंबर २०१६ मध्ये सुधारलेली योजना आली. ३.२२ ही तिसऱ्या मालिकेतली दीर्घकाळ जपायची आवृत्ती ठरली. नव्या कामाला ३.९० पासून पुढचे आकडे, म्हणजे पाहताक्षणी कळावं की हे अजून कच्चं आहे. आणि ४.० हा आकडा ती खरोखर स्थिर होईल तेव्हाच द्यायचा. २०१८ मध्ये थोडी भर घालून ३.२४ काढली, आणि तिसरी मालिका तिथे थांबली. ४.० यायला २०२० चा डिसेंबर उजाडला. मूळ योजनेतल्या दोन वर्षांच्या जागी चार वर्षांहून जास्त गेली. मला हा उशीर योग्य वाटतो. कच्च्या वस्तूवर पक्क्याची पाटी लावून तारीख गाठण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

या उशिराच्या काळात जे घडलं त्याकडे मी वाचकाचं लक्ष मुद्दाम वेधतो. जीटीके ३ हलायची थांबली आणि मोठमोठे प्रोग्रॅम तिच्यावर येऊन पोहोचले. एक्सएफसीई हा डेस्कटॉप ऑगस्ट २०१९ मध्ये ४.१४ या आवृत्तीत जीटीके ३ वर आला. त्याआधीच्या आवृत्तीनंतर त्याला जवळजवळ साडेचार वर्षं लागली होती. इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्रॅमची १.० आवृत्ती मे २०२० मध्ये आली, तीही जीटीके ३ वर. आणि गिंप, ज्याच्यासाठी हे टूलकिट जन्मलं, ज्याचं नाव त्याच्या नावात आहे, ते गिंप जीटीके ३ वर आलं मार्च २०२५ मध्ये. जीटीके ३.० नंतर चौदा वर्षांनी, आणि जीटीके ४ बाहेर पडून चार वर्षं उलटल्यावर.

यावरून कुणी म्हणेल की गिंपवाले मागे राहिले. मी तसं म्हणत नाही. मोजके स्वयंसेवक, प्रचंड कोड, शेकडो प्लगइन, आणि रोज त्यावर पोट भरणारे लोक. त्यांनी वाट पाहिली, मधे २.१० सारखी चांगली आवृत्ती दिली, आणि जमीन स्थिर झाल्यावर पाऊल टाकलं. टूलकिटची योजना आखणाऱ्याने आपल्या सर्वांत वेगवान वापरणाऱ्याकडे पाहून तारखा ठरवल्या तर त्या चुकणारच. त्याने सर्वांत मोठ्या, सर्वांत जड आणि सर्वांत कमी मनुष्यबळाच्या प्रकल्पाकडे पाहावं.

पुस्तकात बाकीची उदाहरणंही आहेत, पण ती मी आखडती घेतली आहेत. डोनाल्ड क्नुथ यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर स्थिरतेचं एक टोक. नवी सोय घालायची नाही हे त्यांनी ठरवूनच टाकलं आहे, फक्त चुका दुरुस्त होतात, आणि दुरुस्त्यांच्या प्रत्येक खेपेला आवृत्तीचा आकडा पायच्या किमतीकडे एक अंक सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. पायथॉन हे शिकण्याजोगं दुसरं टोक. ३.० डिसेंबर २००८ मध्ये आली, २ ची मुदत आधी २०१५ ची होती, लोक हलले नाहीत म्हणून ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. क्यूट या दुसऱ्या टूलकिटच्या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या यापुढे पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाच मिळतील. त्यावर बरंच वादळ उठलं, पण त्या निर्णयाने एक गोष्ट सगळ्यांसमोर मांडली: जुनी आवृत्ती जपणं हे पगारी माणसांचं काम आहे. सुरक्षेची दुरुस्ती तीन मालिकांमध्ये वेगवेगळी बसवायची, प्रत्येक ठिकाणी तपासायची, आणि त्यातून नवं काहीच दिसत नाही. स्वयंसेवकाला या कामात आनंद मिळणं अवघड असतं. रेड हॅटसारख्या कंपन्या आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीला १० वर्षं सांभाळतात आणि त्याचेच पैसे घेतात. दीर्घ मुदतीचं वचन देण्याआधी ते निभावणारे हात कोणते आणि त्यांचं पोट कशावर भरणार, हे ठरलेलं असलं पाहिजे. नाहीतर ते वचन देऊ नये. लहान मुदतीचं, पण पाळता येईल असं वचन द्यावं.

जीटीकेने ४ मध्ये जे नियम पाळले ते मला आवडतात. एखादी गोष्ट जुनी झाली तर तिला तसं जाहीर करायचं, पण मोठी आवृत्ती बदलेपर्यंत ती काढायची नाही. मार्च २०२३ च्या ४.१० मध्ये यादी दाखवणारं जुनं ट्रीव्ह्यू निवृत्त ठरवलं, नव्या पद्धतीचे विजेट आधीच दिले होते. पण चौथी मालिका चालू आहे तोवर जुनं ट्रीव्ह्यूही चालेल. मार्च २०२५ च्या ४.१८ मध्ये एक्स ११ या लिनक्सवरच्या जुन्या खिडकी-यंत्रणेसाठीचा भाग निवृत्त जाहीर झाला. तो काढला जाईल तर पाचव्या मालिकेत. ज्याला एक्स ११ वर राहायचं आहे त्याला आजच कळलं आहे की आपल्याकडे वेळ आहे, पण अमर्याद नाही. मला २०११ मध्ये पायजीटीकेवाल्यांनी जशी सूचना दिली होती तशीच ही सूचना आहे. फरक एवढाच की या वेळी मी ती वाचली आहे.

हे पुस्तक लिहिताना मी एका गोष्टीवर ठाम राहिलो. स्थिरता म्हणजे बदल न करणं, ही व्याख्या मी कुठेही वापरलेली नाही. जीटीके १ वर आपण थांबलो असतो तर देवनागरी कधीच धड उमटली नसती. काय बदलेल, केव्हा बदलेल, काय बदलणार नाही आणि किती काळ, हे आधी सांगणं आणि सांगितलेलं पाळणं, याला मी स्थिरता म्हटलं आहे. पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक उदाहरण मी याच मापाने तोललं आहे. वाचकाला ते माप पटलं नाही तर त्याने तसं सांगावं, वाद घालायला मी तयार आहे.

वाचनालयातल्या त्या दिवशी मी बाईंना आकडा सांगू शकलो नव्हतो. नंतर घरी येऊन मी एक कागद केला. पायथॉनची कोणती आवृत्ती, तिची मुदत कधी संपते. जीटीके ३, चौथी बाहेर आहे, पाचवी आली की तिसरीचा पाठिंबा संपेल असं धरून चालायचं. लिनक्सची कोणती आवृत्ती, तिला दुरुस्त्या किती वर्षं. एसक्यूलाइट, २०५०. तो कागद मी छापून बाईंना दिला आणि त्यांनी तो मॉनिटरच्या मागे भिंतीला चिकटवला. दर दिवाळीला गावी गेलो की मी तो वाचतो आणि लागेल तिथे खोडून नवी तारीख लिहितो.

वाचकाला माझी विनंती एवढीच की पुढचं प्रकरण उघडण्याआधी त्याने आपल्या हातातल्या कामाचा असा एक कागद करावा.